बारटेंडरसाठी पीओएस स्क्रीन: निरीक्षणापासून पहिल्या गर्दीच्या रात्रीपर्यंत

बारच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला स्क्रीनकडे बघायला वेळ नसतो. समोर तिघे-चौघे एकदम बोलत असतात, एका हातात शेकर, दुसरा हात ओला, आणि संगीत इतकं मोठं की अर्धी ऑर्डर ओठांच्या हालचालीवरून ओळखायची. तरीही बारसाठी पीओएस (पॉइंट ऑफ सेल, म्हणजे ऑर्डर आणि बिल नोंदवणारी यंत्रणा) बनवताना अनेक टीम रेस्टॉरंटचंच सॉफ्टवेअर घेतात, त्यात पेयांची यादी भरतात आणि काम झालं असं मानतात. ते चालत नाही. वेटर टेबलापाशी ऑर्डर घेतो आणि मग टर्मिनलपाशी येऊन पंच करतो, म्हणजे ती त्यात नोंदवतो. मध्ये त्याला चार पावलांची उसंत मिळते. बारटेंडरला ती नाही. ऑर्डर ऐकणं, पंच करणं, पेय बनवणं, पैसे घेणं आणि पुढच्या माणसाला नजरेनेच 'आलोच' म्हणणं, हे सगळं तो एकाच जागी उभा राहून करतो.

म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी एकच कसोटी लावणार आहे: या स्क्रीनने बारटेंडरची नजर किती वेळ अडकवून ठेवली? नजर गिऱ्हाइकावर आणि ग्लासवर राहिली पाहिजे आणि बोट सवयीने योग्य जागी पोचलं पाहिजे. स्क्रीन किती सुंदर दिसते, त्यात किती फीचर्स आहेत, हे प्रश्न त्यानंतरचे.

१. आधी काउंटरमागे उभे राहा

डिझाइनचं कोणतंही टूल उघडण्याआधी एक शांत दुपार आणि एक सर्वाधिक गर्दीची रात्र बारमध्ये काढा. काउंटरच्या टोकाला, कुणाच्या वाटेत येणार नाही असे उभे राहा. बारटेंडरला 'तुम्हाला काय हवं?' असं विचारू नका. त्याचे हात बघा. कोणत्या हाताने तो पंच करतो? बर्फाचा डबा आणि रोजच्या बाटल्या टर्मिनलपासून किती लांब आहेत? पावती कुठे पडते? पेय बनवण्याआधी पंच करतो की नंतर?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. कसलेले बारटेंडर गर्दीत दोन-तीन जणांच्या ऑर्डरी डोक्यात धरतात, पेयं देतात आणि मग सगळं एकदम पंच करतात. तुमच्या बारमध्ये असं होत असेल, तर 'एक ऑर्डर पूर्ण करा, मगच दुसरी सुरू करा' असा आग्रह धरणारी स्क्रीन तिथे पहिल्याच रात्री आपटेल.

टर्मिनलच्या आजूबाजूला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो घ्या. 'ही बिअर संपली', 'सोडा दुसऱ्या पानावर', 'बिल फोडायचं असेल तर आधी सेव्ह करा': यातली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधली एक उणीव आहे, आणि ती रोज वापरणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. याहून खरी गरजांची यादी तुम्हाला कुठल्याही बैठकीत मिळणार नाही.

मग काही आठवड्यांच्या विक्रीची नोंद मागून घ्या आणि ती तासांनुसार वेगळी करा. नेहमीच्या थोड्याच पेयांनी विक्रीचा मोठा भाग व्यापलेला दिसेल. संध्याकाळी सहाची आणि रात्री अकराची यादी वेगळी असते, हेही तिथेच कळेल.

इथेच एक हिशेब ध्यानात घ्यावा. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल या तिघा संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सराईत हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतो, तर 'आता पुढे काय?' असा विचार करायला सुमारे १.३५ सेकंद. ते आकडे कीबोर्डचे आहेत, टच स्क्रीनचे नाहीत, पण प्रमाण बोलकं आहे. टॅप कमी करण्याच्या मागे सगळेच लागतात. खरा वेळ थबकण्यात जातो. विचार न करता केलेले तीन टॅप हे शोधून केलेल्या एका टॅपपेक्षा जलद असतात.

२. एकच मुख्य स्क्रीन, आणि तिच्यावर काहीही हलायचं नाही

बारटेंडरचं नव्वद टक्के काम एका स्क्रीनवर व्हावं हे उद्दिष्ट ठेवा. मला पटलेली मांडणी अशी: मधोमध पेयांची जाळी, एका कडेला उघड्या टॅबची (म्हणजे गिऱ्हाइकांच्या चालू खात्यांची, ज्यांचे पैसे शेवटी घ्यायचे असतात) यादी, दुसऱ्या कडेला चालू ऑर्डर आणि तिच्या तळाशी पेमेंट. जाळीच्या वर वर्गांची एक ओळ असते: बिअर, वाइन, स्पिरिट, कॉकटेल, अल्कोहोलविरहित. वर्ग बदलला की फक्त जाळीतली बटणं बदलतात, बाकी स्क्रीन जागची हलत नाही. पहिला वर्ग मात्र 'नेहमीचे' हाच असावा; त्यात विक्रीच्या नोंदीतून निघालेली वीस-पंचवीस पेयं, आणि ऑर्डर पाठवली की स्क्रीन आपोआप तिथेच परत यावी.

जाळीत स्क्रोल ठेवू नका. स्क्रोल केलेल्या यादीत एखादी गोष्ट 'कुठे' आहे हे हाताला कधीच पाठ होत नाही. त्याच कारणासाठी खपानुसार बटणं आपोआप वरखाली करणारी 'हुशार' मांडणीही नको. कागदावर ती कार्यक्षम वाटते; प्रत्यक्षात बारटेंडरने आठवडाभरात कमावलेली सवय ती एका रात्रीत पुसून टाकते. एखादं पेय संपलं तर त्याचं बटण फिकट करा, त्यावर 'संपलं' लिहा, पण जागेवरून काढू नका. काढलंत तर शेजारची सगळी बटणं एकेक घर सरकतील आणि पुढचा तासभर चुकीची पेयं पंच होत राहतील.

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं, तितका हात तिथे लवकर पोचतो. हा नियम सांगताना 'कडा आणि कोपरे सर्वात सोपे' असंही म्हटलं जातं, पण ते माऊसच्या बाबतीत. टच स्क्रीनवर कडेला फ्रेमचा उंचवटा बोटाला आडवा येतो आणि तिथेच सरबताचा चिकटपणा साचतो. म्हणून सर्वाधिक वापराची बटणं कडेपासून थोडी आत घ्या.

डावखुऱ्यांचं काय? इथे माणसापेक्षा टर्मिनलची जागा निर्णायक ठरते. टर्मिनल बारटेंडरच्या डावीकडे बसवलं असेल तर उजव्या हाताचा माणूसही डाव्या हाताने पंच करतो. म्हणून बाजूचे दोन रकाने प्रत्येक टर्मिनलवर अदलाबदल करता यावेत, पण पेयांच्या जाळीतला क्रम सगळ्या टर्मिनलवर एकच राहावा.

३. बटण: आकार, नाव, रंग, प्रतिसाद

बटणाच्या आकारासाठी ॲपलची शिफारस किमान ४४ पॉइंटची आहे, गूगलची ४८ डीपीची (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). दुसऱ्या मापाचं बटण प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटरचं होतं. ही मापं फोन हातात धरून शांतपणे बघणाऱ्यासाठी आहेत. ओल्या हाताने, तिरकं उभं राहून, नजर दुसरीकडे ठेवून दाबायचं असेल तर पेयाचं बटण किमान १५ मिलिमीटर उंच आणि त्याहून रुंद ठेवा, मध्ये २-३ मिलिमीटरची फट सोडा. 'पाठवा' आणि 'पेमेंट' ही बटणं याच्या दुप्पट.

बटणावरचं नाव मेन्यू कार्डवरचं नसावं, काउंटरमागे बोललं जाणारं असावं. कार्डवर चार शब्दांचं नाव असलं तरी बारटेंडर एकच शब्द उच्चारतो. तोच बटणावर लिहा. गिऱ्हाइकाच्या बिलावर पूर्ण नाव छापता येतं. ग्लासची चित्रं टाकू नका, कारण एकाच ग्लासात दहा पेयं जातात.

रंग वर्गासाठी वापरा, प्रत्येक पेयासाठी नाही. पाच-सहा रंगांपलीकडे कुणाच्याही लक्षात राहत नाही. लाल रंग फक्त परत न फिरणाऱ्या कृतींसाठी राखून ठेवा. काही लोकसमूहांत दर १२ पुरुषांमागे सुमारे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, तेव्हा जे रंग सांगतो ते अक्षर किंवा चिन्हही सांगत असलं पाहिजे. वेब सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण) किमान मानतात; मंद उजेडाच्या बारसाठी मी ७:१ च्या खाली जाणार नाही. पार्श्वभूमी गडद असावी, म्हणजे अंधारात स्क्रीनचा झोत डोळ्यांवर येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरही पडत नाही. पण अगदी काळी नको. काळ्या काचेवर बोटांचे ठसे आणि मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब उठून दिसतं. गडद करडा रंग बरा. उघड्यावरचा बार असेल तर दिवसासाठी उजळ थीम हवीच.

प्रतिसाद ०.१ सेकंदाच्या आत दिसला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. दाबल्याबरोबर बटण उजळावं आणि त्याच क्षणी ऑर्डरमध्ये ओळ उमटावी. सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबायचं नाही. आवाजावर भिस्त ठेवू नका, गोंगाटात तो ऐकूच येत नाही. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पेयाचं बटण झटपट दोनदा दाबलं तर दोन पेयं लागली पाहिजेत. पेमेंटचं बटण दोनदा दाबलं तर मात्र एकच पेमेंट व्हायला हवं. अनेक ठिकाणी दोन्हींना एकच नियम लावलेला असतो, आणि मग एकतर बिअर गळते किंवा कार्डावर दोनदा रक्कम पडते.

४. बदल आणि मापं: एकच व्याकरण ठरवा

'जिन-टॉनिक, बर्फ कमी', 'डबल व्हिस्की, पाणी वेगळं', 'मार्टिनी, पण व्होडकाची'. बारमधली गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे सर्वाधिक वेळ द्या.

पहिला नियम: काहीही न विचारता पेय पुढे गेलं पाहिजे. प्रत्येक पेयाला एक ठरलेलं रूप असतं, ते गृहीत धरा. सक्तीचा प्रश्न तेव्हाच विचारा जेव्हा उत्तराशिवाय पेय बनूच शकत नाही. मार्टिनीला जिन की व्होडका हा प्रश्न योग्य आहे. जिन-टॉनिकला 'लिंबू हवं का?' हा नाही. ज्याला नको तो सांगेल.

दुसरा नियम: प्रत्येक बदल शेवटच्या ओळीला लागतो. काही सॉफ्टवेअरमध्ये आकडा आधी दाबायचा, 'डबल' नंतर दाबायचं, आणि 'बर्फ नको' साठी ओळ निवडून वेगळी खिडकी उघडायची असते. तीन कृतींना तीन व्याकरणं. त्याऐवजी: पेय दाबा, मग जे काही दाबाल (२, डबल, बर्फ कमी, दुसरा ब्रँड) ते नुकत्याच उमटलेल्या ओळीला लागेल. आधीच्या ओळीत बदल हवा असेल तर त्या ओळीला एकदा स्पर्श करायचा, की तीच 'शेवटची' झाली.

एक ऑर्डर चालवून बघू. गिऱ्हाईक म्हणतं: 'दोन बिअर, एक जिन-टॉनिक बर्फ कमी, एक ओल्ड फॅशन्ड, माझ्याच टॅबवर.' बोटाचा प्रवास असा: बिअर, २, जिन-टॉनिक, बर्फ कमी, ओल्ड फॅशन्ड, टॅबवरचं नाव. सहा टॅप, एकही खिडकी नाही, आणि 'दोन' हा आकडा सोडला तर वाक्यातल्या शब्दांचा क्रम तोच टॅपचा क्रम. टॅबच्या नावाला स्पर्श झाला की ऑर्डर त्या टॅबवर जाऊन पाठवली गेली. वेगळं 'पाठवा' दाबायची गरज नाही. बोलण्याचा आणि बोटाचा क्रम जुळला की बारटेंडर गिऱ्हाइकाकडे बघत पंच करू शकतो.

बदलांची पट्टी जाळीच्या खाली कायम दिसू द्या. तिच्यातले सात-आठ बदल वर्गानुसार बदलतील. स्पिरिटला बर्फ, पाणी, सोडा, डबल, आणि वाइनला ग्लास किंवा बाटली. क्वचित लागणारे बदल 'आणखी' मागे जाऊ द्या.

ॲलर्जी मात्र या पट्टीत मिसळू नका. 'अंड्याचा पांढरा भाग नको' ही आवड असू शकते किंवा जिवाशी गाठ असू शकते, आणि पेय बनवणाऱ्याला तिकिटावरून (ऑर्डरच्या छापील चिठ्ठीवरून) दोन्ही वेगळं कळलं पाहिजे. ॲलर्जीची नोंद तिकिटावर सर्वात वर, उलट्या रंगात छापावी आणि त्या टॅबवर रात्रभर राहावी, म्हणजे तिसऱ्या फेरीला दुसरा बारटेंडर असला तरी ती त्याच्या डोळ्यांसमोर येईल.

पडद्यामागे किंमत आणि साठा हे दोन स्वतंत्र हिशेब ठेवा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० मिलिलिटरची २५ मापं निघतात. डबल घेतलं की साठ्यातून ६० मिलिलिटर जातात, पण किंमत दुप्पट असेलच असं नाही. 'डबल' ला नुसती किंमत जोडली आणि माप जोडायला विसरलं, तर महिन्याअखेर बाटल्या कमी भरतील आणि संशय बारटेंडरवर जाईल.

५. टॅब

टॅब म्हणजे माणूस, आणि गर्दीत माणसं नावाने आठवत नाहीत. म्हणून टॅब उघडण्याचे तीन मार्ग द्या: कार्ड (टॅबला जोडून ठेवता येत असेल तर, आणि नाव मिळालं तर तेच आपोआप भरावं), बैठकीचा क्रमांक, किंवा मोकळं वर्णन. 'खिडकीपाशी, हिरवा शर्ट' ही बारटेंडरची खरीखुरी नोंद असते आणि तिला जागा दिली नाही तर ती नावाच्या रकान्यात घुसते. पण हे वर्णन कधीही बिलावर छापलं जाता कामा नये, गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या स्क्रीनवर येता कामा नये, आणि टॅब बंद झाल्यावर ते पुसलं गेलं पाहिजे. स्वतःचं वर्णन बिलावर वाचणाऱ्या माणसाला काय वाटेल याचा विचार केला की हा नियम सैल करायचा मोह होत नाही.

एकाच नावाचे दोघे असतात तेव्हा टॅबवर कार्डाचे शेवटचे चार अंक, उघडल्याची वेळ आणि शेवटचं पेय दिसू द्या. तिन्हींत शेवटचं पेय सर्वात उपयोगी. बारटेंडर चेहरा विसरेल, पण कुणाला काय दिलं ते सहसा विसरत नाही.

यादीचा क्रम उघडल्याच्या वेळेनुसार ठेवा. 'नुकताच वापरलेला टॅब वर' हा पर्याय आकर्षक वाटतो, पण मग प्रत्येक ऑर्डरनंतर यादी हलते आणि बोट शेजारच्या माणसाच्या टॅबवर पडतं. पेय चुकलं तर ते बदलून देता येतं. दुसऱ्याच्या टॅबवर चढलेलं पेय रात्री उशिरा बिलाच्या वेळी उघडकीला येतं आणि तेव्हा कुणालाच खरं काय ते आठवत नसतं. स्वतः उघडलेले टॅब आधी दिसावेत, सहकाऱ्यांचे एका टॅपवर.

'पुन्हा तेच' हे बटण टॅबच्या आत नको, टॅबच्या पट्टीवरच हवं. त्यासाठी प्रत्येक फेरी गट म्हणून साठवावी लागते, नाहीतर रात्रीत घेतलेली सगळी पेयं पुन्हा येतील. दाबल्यावर शेवटची फेरी ऑर्डरमध्ये उमटावी, पण लगेच पाठवली जाऊ नये, कारण 'तेच, फक्त याला आता पाणी' हे वाक्य हमखास येतं. सवलतीची वेळ संपली असेल तर नवी किंमत लागली पाहिजे आणि ती ऑर्डरमध्ये ठळक दिसली पाहिजे, म्हणजे बारटेंडर आधीच सांगू शकेल.

बिल फोडणं हे मुख्य स्क्रीनवर कोंबू नका. तिथे नजर द्यावीच लागते, तर नीट देऊ द्या. प्रत्येक माणसाचा एक रकाना, ओळीला स्पर्श करून रकान्याला स्पर्श केला की ती तिकडे गेली. ओल्या काचेवर ओढून नेणं फसतं, म्हणून ड्रॅग नको. एकच बाटली तिघांत वाटायची असेल तर अपूर्णांक शिल्लक राहतो. तो शेवटच्या हिश्शात टाका आणि तिन्ही बिलांची बेरीज मूळ रकमेशी जुळते हे सॉफ्टवेअरनेच तपासू द्या.

टॅबवर उघडल्याची वेळ आणि दिलेल्या पेयांची संख्या लहान अक्षरांत दाखवत राहा. कुणाला आणखी द्यायचं नाही हा निर्णय बारटेंडरचा, आणि तो घेताना त्याच्या हाताशी आकडा हवा. वयाची खात्री करण्याची आठवण टॅब उघडताना एकदाच यावी. प्रत्येक पेयाला आली तर तिसऱ्यांदा ती न वाचताच दाबली जाईल.

६. चुका दुरुस्त करणं, आणि मालकाची काळजी

कॅश रजिस्टरचा जन्म बारमध्येच झाला. अमेरिकेतल्या डेटन शहरात बार चालवणारे जेम्स रिटी यांनी १८७९ मध्ये ते बनवलं, कारण नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालतात असा त्यांचा अनुभव होता. ती काळजी आजही खरी आहे आणि ती पीओएसमध्ये असायलाच हवी. पण तिचा भार प्रामाणिक बारटेंडरच्या प्रत्येक टॅपवर टाकायचा नसतो. नोंद सगळ्याची ठेवा, अडवा मोजकंच.

पाठवण्याआधीची ओळ एका टॅपने काढता यावी. कुणाची परवानगी नको. पाठवल्यानंतर काढायची असेल तर कारण विचारा, पण टाइप करायला लावू नका. चार-पाच बटणं पुरतात. कारणं निवडताना साठ्याचा विचार करा. 'चुकून पंच झालं' म्हणजे पेय बनलंच नाही, साठा परत यायला हवा. 'सांडलं', 'परत आलं', 'घराकडून दिलं' (बारतर्फे फुकट) यांत दारू गेलेलीच आहे, फक्त पैसे आले नाहीत. या चारांना एकाच 'रद्द' बटणाखाली गाडलं की साठ्याचा हिशेब कायमचा बिघडतो.

'नक्की काढायचं?' असं विचारणारी खिडकी काही दिवसांतच निरुपयोगी होते, कारण हाताला दोन्ही टॅप एकत्रच करायची सवय लागते. त्याऐवजी काढू द्या आणि काही सेकंद 'परत आणा' दाखवा. मॅनेजरची मंजुरी खरोखर लागत असेल तर ती त्याच्या स्वतःच्या उपकरणावर मागा आणि ओळ 'मंजुरी बाकी' म्हणून राहू द्या. मॅनेजर येईपर्यंत सगळं टर्मिनल अडकून पडलं, तर बारटेंडर मॅनेजरचा पिन पाठ करून घेतील, आणि मग नियंत्रण होतं तेवढंही राहणार नाही.

७. पैसे घेणं

रोखीसाठी 'नेमकी रक्कम' आणि त्या रकमेपुढच्या सोयीच्या नोटा यांची बटणं पुरतात. आकड्यांचा कीपॅड मागे ठेवा. परत द्यायची रक्कम मोठ्या अक्षरांत दाखवा आणि पुढच्या ऑर्डरचा पहिला टॅप होईपर्यंत ती तशीच राहू द्या. 'ठीक आहे' दाबायला लावू नका.

कार्डाच्या वेळी स्क्रीन अडकता कामा नये. रक्कम कार्ड रीडरकडे गेली की ते पेमेंट कडेला एका पट्टीत जाऊन बसावं आणि बारटेंडरला पुढची ऑर्डर घेता यावी. प्रत्येक प्रयत्नाला एक वेगळी ओळखसंख्या द्या; उत्तर वेळेत आलं नाही तर त्याच संख्येने आधी स्थिती विचारा, पुन्हा रक्कम कापू नका. कार्डाचा क्रमांक तुमच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचूच नये अशी रचना करा. रीडर आणि पेमेंट सेवेकडून टोकन (कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी संकेत) घेतलं की पीसीआय डीएसएसच्या, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेच्या, नियमांचं ओझं बरंच हलकं होतं.

८. कोण पंच करतंय?

एका टर्मिनलवर तिघे काम करत असतील तर चार अंकी पिनही दर वेळी जास्त वाटतो. मनगटावरचा किंवा कमरेचा एनएफसी टॅग (जवळ नेताच ओळख पटवणारी चिप) टेकवला की माणूस बदलला, ही सोय खर्चाला पुरून उरते. माणूस बदलल्यावर आधीच्याची अर्धवट ऑर्डर पुसली जाऊ नये. तो परत आला की ती तिथेच असावी. चालू माणसाचं नाव एका ठरलेल्या जागी मोठं दिसू द्या.

९. नेटवर्क गेलं तरी काम चालू

ऑर्डर आधी टर्मिनलवरच लिहिली जावी आणि मग वर पाठवली जावी, हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर बसवता येत नाही. तिकीट छापणं इंटरनेटवर अवलंबून नको, बारमधल्या अंतर्गत नेटवर्कवर चालावं. नेटवर्क गेल्याचं एका अरुंद पट्टीने सांगा. मध्येच उघडणारी खिडकी नको. दोन टर्मिनलवरून एकाच टॅबवर पेयं चढत असतील तर 'ओळ जोडली' अशा नोंदी साठवा, म्हणजे जोडणी परत आल्यावर त्या नुसत्या एकत्र होतात. टॅब बंद करणं मात्र एकाच ठिकाणाहून होऊ द्या. ऑफलाइन असताना कार्ड घ्यायचं का आणि किती रकमेपर्यंत, हे मालकाने आधीच ठरवून सेटिंगमध्ये ठेवायचं असतं. ऐन गर्दीत तो प्रश्न बारटेंडरपुढे येता कामा नये.

१०. पाणी, साखर आणि काच

नेहमीची कपॅसिटिव्ह स्क्रीन बोटातून होणारा विद्युत बदल ओळखते, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवू शकतो. म्हणून काच ओली झाली की भलतीच बटणं दाबली जातात. औद्योगिक वापराच्या काही पॅनेलमध्ये यासाठी वेगळी सेटिंग असते. विकत घेण्याआधी काचेवर पाणी शिंपडून स्वतः तपासा. दाबावर चालणाऱ्या रेझिस्टिव्ह स्क्रीनला पाण्याचा आणि हातमोज्यांचा त्रास नाही, पण चित्र थोडं मंद दिसतं आणि वरचा थर झिजतो. बार काउंटरवर समोरचा भाग आयपी ६५ दर्जाचा असेल तर धूळ आणि पाण्याचा फवारा दोन्ही सोसतो. आणि पुसण्यासाठी एक बटण द्या, जे २० सेकंद स्क्रीन बधिर करून ठेवेल. ते नसेल तर पुसताना कुणाच्या तरी टॅबवर पाच बिअर चढतात.

११. चाचणी आणि पहिली रात्र

पहिली चाचणी कागदावर करा. स्क्रीनच्या खऱ्या आकाराचं छापील चित्र काउंटरवर खऱ्या उंचीला लावा आणि बारटेंडरला ऑर्डरी ऐकवा. बोट कुठे जातं आणि कुठे थबकतं हे कळायला कोडची गरज नाही.

चालता नमुना तयार झाला की ऑर्डरी रेकॉर्ड करून मोठ्या संगीतात वाजवा, दिवे मंद करा, हात ओले करायला लावा. सगळं व्हिडिओवर घ्या आणि चार गोष्टी मोजा: नजर स्क्रीनवर किती सेकंद होती, किती ठिकाणी बोट हवेत थांबलं, किती चुका झाल्या, आणि चूक दुरुस्त करायला किती वेळ लागला. नवख्याला पहिल्या दिवशी आणि त्याच माणसाला आठवड्याने पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी सोपी वाटणारी स्क्रीन आठवड्याने वेगवान होईलच असं नाही, आणि बारटेंडरला ती वर्षभर वापरायची आहे.

सरावासाठी वेगळा मोड द्या. त्याचा रंग पूर्ण निराळा हवा आणि त्यात गल्ला उघडता कामा नये. सुरुवात आठवड्यातल्या सर्वात रिकाम्या दिवशी करा, जुनी व्यवस्था काही दिवस बाजूला तयार ठेवा, आणि पहिल्या गर्दीच्या रात्री तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. त्या रात्री काहीही बदलू नका, फक्त लिहून घ्या.

त्यानंतर मांडणीतले बदल ठरलेल्या दिवशीच करा, एका वेळी थोडे, आणि शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना दाखवून. नवं पेय आलं तर त्याला रिकामं घर द्या. त्यासाठी जाळीत सुरुवातीपासूनच तीन-चार घरं मोकळी सोडलेली असावीत.